एका लाइनीचे दोन मालक

आमच्या गल्लीत लाइट गेली की अजूनही लोक माझ्याच दाराशी येतात. "मेश्रामबाई, तुमी इलेक्ट्रिक कंपनीत होत्या ना, पाहा ना जरा काय झालं ते." मी काय पाहू, कपाळ माझं? सगळी नोकरी विजेच्या कंपनीत काढली, पण साधा फ्यूज बांधायचा म्हटलं तरी हात कापतात. आमच्या घरी ते काम धाकटी जाऊ करते. मी कधी खांबावर चढले नाही, मीटर वाचलं नाही, कोणाची लाइन कापली नाही. मी होते दर विभागात. असा विभाग असतो हेच पुष्कळांना ठाऊक नाही, आणि सांगितलं तर म्हणतात, "म्हणजे भाव तुम्हीच वाढवत होत्या का?" म्हणून मी सांगणंच सोडलं होतं. आता लिहायला बसलेच आहे, तर नीट सांगते.

कांदेवाला सकाळी एक भाव सांगतो, संध्याकाळी दुसरा. त्याला कोणी विचारत नाही. विजेचं तसं चालत नसे. प्रत्येक दर आधी लिहून सरकारच्या वीज खात्याकडे दाखल करावा लागायचा: कोणाला, कशासाठी, कोणत्या महिन्यांत, कोणत्या अटीवर. खात्याचा शिक्का बसला की तो दर खरा. त्याआधी कंपनीचा मोठ्यात मोठा साहेबसुद्धा त्या दराने बिल काढू शकत नव्हता. आणि दर ज्याच्या नावाने दाखल झाला, त्या लाइनीचा मालक तो, असा खात्याचा हिशेब. पुढचं सगळं महाभारत या शेवटच्या वाक्यावरून झालं.

माझे वडील गिरणीत होते. मी मॅट्रिक झाले, टायपिंगची परीक्षा दिली आणि साठीच्या दशकाच्या शेवटी कंपनीत टायपिस्ट लागले. नागपुरातच इंदोऱ्याहून सायकलने यायची. ऑफिसात मला सगळे 'शांता' म्हणत, माझ्यानंतर लागलेला शिपाईसुद्धा. पहिल्या दिवसापासून 'मेश्रामबाई' म्हणणारा माणूस एकच, आमचे दर अधिकारी देशकर साहेब. उंच, किडकिडीत, गालात सदा सुपारी, आणि बोलणं इतकं मोजकं की शब्दालाही मीटर लावलंय असं वाटावं. माणूस मला पहिल्या दिवशीच आवडला. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बाई म्हणते म्हून खुश झाली का वं?" हो, झाले होते.

दर विभागाची खरी मजा गिऱ्हाइकांत होती. घराला एक दर, दुकानाला दुसरा, पिठाच्या चक्कीला तिसरा. त्यामुळे जो तो आपण दुसराच कोणीतरी आहोत असं पटवायला यायचा. नागपूरजवळ वाडीला एक ट्रान्सपोर्टवाला होता. गोदाम केवढं मोठं, ट्रक लागलेले, आणि हा म्हणे मला घरगुती दर द्या. "माहे ड्रायव्हर इथंच झोपते, इथंच जेवण बनवते. दारात तुळस आहे साहेब. आता घराले अजून काय लागते?" दुसऱ्या कोणी हाकलून दिलं असतं. देशकर साहेब मला घेऊन वाडीला गेले. खरंच तुळस होती, डालड्याच्या डब्यात, आणि तिच्यामागे ड्रायव्हरच्या दोन खाटा आणि स्टोव्ह. साहेबांनी सगळं पाहिलं, सुपारी कातरली आणि सांगितलं, "तुळस, खाटा आणि स्टोव्ह, एवढ्यावरच्या दिव्याला घरगुती. बाकीच्याला गोदामाचा. वेगळं मीटर बसवून घ्या." तो माणूस चाट पडला. मागितलं ते मिळालं होतं आणि भांडायला काही उरलं नव्हतं.

दुसरा पारशिवनीचा कोंबडीवाला. पिल्लांना ऊब मिळावी म्हणून त्याने खुराड्यात बल्ब लावले होते आणि आम्ही त्याला दिवाबत्तीचा दर लावला होता, जो महाग. एके दिवशी तो टोपली घेऊन थेट साहेबांच्या टेबलाशी आला आणि टोपलीवरचं फडकं काढलं. "साहेब, हे पिल्लं काय पुस्तक वाचून राहिले का? उजेड नाही लागत त्याईले, ऊब लागते." साहेब त्या दिवशी मोठ्याने हसले. मग खात्याशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करून पिल्लांच्या उबेसाठी त्यांनी वेगळा दर मंजूर करून आणला. टोपलीतली पिल्लं मात्र त्या दिवशी माझ्या टाइपरायटरवर फिरून गेली आणि साफ मला करावं लागलं, हेही सांगून ठेवते.

आता त्या लाइनीकडे येते. उमरेडच्या पुढे भिवापूरकडे एक लाइन जात होती. तिकडे मिरचीचा मुलूख. मिरची वाळवायची, देठं खुडायची ती मोकळी आवारं, त्यांना तिकडे सातरा म्हणतात, आणि मिरची कुटायच्या चक्क्या. गावोगावच्या लोकांनी मिळून वीज सोसायटी काढली होती. लाइन टाकताना तारा आणि ट्रान्सफॉर्मर आमच्या कंपनीने दिले. खांबांचे खड्डे गावांनी खोदले, खांब गावच्या बैलबंड्यांनी वाहिले, सबस्टेशनला जागा गावाने दिली. करार असा झाला की लाइन दोघांची, दरपत्रक एकच, आणि दोघांच्या सहीशिवाय त्यात काडीचाही बदल नाही. मिरचीच्या हंगामात चक्क्यांना सवलतीचा दर, हे त्या दरपत्रकातलं सोसायटीचं काळीज होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी नत्थूजी लांजेवार. थोडी शेती, एक चक्की, धोतर, टोपी, आणि खांद्याला एक पिशवी. पिशवीत काहीही असो, वास मिरचीचाच. ते जिना चढायला लागले की आमच्या ऑफिसात शिंका सुरू व्हायच्या. बडबडे इतके, की देशकर साहेबांचं न बोललेलं सगळं त्यांनीच बोलून टाकावं.

या दोघांची एक पद्धत होती. दरपत्रक दाखल करायच्या आधी दोघं समोरासमोर बसून ते मोठ्याने वाचायचे, पण प्रत्येक जण दुसऱ्याची बाजू वाचायचा. सोसायटीची कलमं देशकर साहेब वाचणार, कंपनीची नत्थूजी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कागदांची अदलाबदल झाली. मी उठून सांगायलाही गेले. नत्थूजी म्हणाले, "नाही वं बाई. आपलं आपनच वाचलं का सारं बरोबरच दिसते. तुमचे साहेब आमचं वाचते, मी त्याईचं वाचतो." आणि नुसतं वाचणं नव्हतं ते. साहेब मध्येच थांबून म्हणायचे, "नत्थूजी, या कलमात पावसाळ्यात तुमचं नुकसान होईल." नाहीतर नत्थूजी म्हणायचे, "हे असं लेहलं तं कंपनीचा लाइनमन दिवाळीले बी घरी नाही जाऊ शकनार जी." इतकी वर्षं झाली, भांडणारे पुष्कळ पाहिले, दुसऱ्याच्या वतीने भांडणारे हे दोघंच.

ऐंशीच्या आसपास मुंबईला वीज खात्यात संगणक आला. तेव्हाचा संगणक म्हणजे टेबलावर बसणारं खेळणं नव्हे, खोलीभर कपाटं. त्याला कागद वाचता येत नसे. पोस्टकार्डाहून थोड्या लांब जाड कार्डावर यंत्राने बारीक भोकं पाडायची, भोकांच्या जागेवरून आकडा ओळखला जायचा. खात्याचा हुकूम आला की यापुढे सगळी दरपत्रकं अशा कार्डांवर पाठवा. ज्यांना जमत नाही अशा लहान संस्थांनी छापील तक्ता भरून पाठवावा, त्यांची कार्डं खातं स्वतः पाडून घेईल. आमच्याकडून शिकायला कोण जाणार? बाकीचे बाबू म्हणाले, भोकं पाडायचं काम आमचं नाही. मी गेले. सीताबर्डीवर एका माडीवर ती यंत्रं होती, खटखट आवाज असा की घरी जाऊन जेवतानाही तो कानात राहायचा. महिन्याभरात माझा हात बसला. एकीने पाडलेली कार्डं दुसरीने तपासायची अशी तिथली रीत होती, आणि माझी कार्डं तपासणारी पोरगी म्हणायची, तुमच्या ढिगाला मी आराम करते. गर्व म्हणा, पण खरं ते खरं.

तर प्रत्येक कार्डाच्या सुरुवातीला मालकाचा क्रमांक. कंपनीचा एक, सोसायटीचा एक. जागा मात्र एकाच क्रमांकापुरती. साहेबांनी मुंबईला विचारलं, भिवापूर लाइनीला मालक दोन आहेत, काय करावं? उत्तर आलं: एका दरपत्रकाला एकच मालक. दुसऱ्याची नोंद गिऱ्हाईक म्हणून करावी.

ज्या दिवशी ते पत्र आलं, त्या दिवशी आमच्या कंपनीत एका माणसाचा चेहरा फुलला. ते म्हणजे डायरेक्टर भय्यासाहेब. ती लाइन पूर्ण कंपनीची व्हावी, मग सवलतीचा दर काढून टाकता येईल, हे त्यांचं जुनं स्वप्न. ते साहेबांना म्हणाले, "आता यंत्रानेच निकाल दिला, देशकर. आपलं नाव टाका आणि मोकळे व्हा." साहेब म्हणाले, "पाहतो." एवढंच.

नत्थूजी ठरल्या दिवशी आले. दोघांनी नेहमीसारखं दरपत्रक वाचलं. मालकाच्या रकान्याशी आल्यावर दोघंही जरा थांबले. साहेब म्हणाले, "ते मी पाहतो." नत्थूजी म्हणाले, "आमच्या तक्त्यावरचं मी पाह्यतो जी." जुन्या रीतीप्रमाणे कंपनी आणि सोसायटी आपापली प्रत वेगळी पाठवत. आमची कार्डं मी पाडली. क्रमांकाचा कागद साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहून दिला होता. मी तो पाहिला आणि साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "लिहिलंय तसंच पाडा, मेश्रामबाई." क्रमांक सोसायटीचा होता.

मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. भय्यासाहेबांना कळेल तेव्हा काय होईल याची भीतीही होती, पण आनंद जास्त. घरी जाताना सायकल मी अशी हाणली की विचारू नका.

काही आठवड्यांनी मुंबईहून यंत्राने छापलेली लांबलचक यादी आली. भिवापूर लाइनीसमोर मालकाची जागा कोरी. खाली शेरा, की कंपनी म्हणते हे दरपत्रक सोसायटीचं, म्हणून कंपनीच्या खात्यातून काढलं. सोसायटी म्हणते कंपनीचं, म्हणून सोसायटीच्या खात्यातून काढलं. सबब या लाइनीला मालक नाही आणि दरही नाही. नागपुरात सुनावणी होऊन एक मालक ठरेल, तोवर सवलत बंद.

सोसायटीच्या तक्त्यावर नत्थूजींनी कंपनीचा क्रमांक लिहिला होता.

ते दुसऱ्याच दिवशी आले. जिना चढताना तोंडाचा पट्टा चालू नव्हता, तेव्हाच मी ओळखलं. खुर्चीवर बसलेही नाहीत. "तुमाले कोनं सांगतलं होतं साहेब, आमचं नाव टाकाले?"

"आणि तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" साहेब म्हणाले.

"मले वाटलं, तुमी कंपनीचं नाव नाही टाकलं तं भय्यासाहेब तुमची नोकरी घेते. माह्या सोसायटीपायी तुमचे लेकरं काहून उपाशी मरावं? अन्‌ तुमी तिथं बसून हाय तोवर आमचं कोनी खात नाही, हे बी मले ठाऊक होतं."

"मी रिटायर झाल्यावर?"

नत्थूजींनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. साहेबच मग हळू आवाजात म्हणाले, "कंपनीकडे लाइनी पुष्कळ आहेत, नत्थूजी. तुमच्याकडे ही एकच."

"मंग मले इचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?"

दोघंही एकमेकांना विचारायला घाबरले होते, कारण समोरचा नाही म्हणेल हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. मला हसू येत होतं आणि रडूही. इतके शहाणे लोक, आणि इतका भैताडपणा.

पण भिवापूरला हसण्यासारखं काही नव्हतं. तिथे हंगाम सुरू झालेला, सवलत बंद, आणि गावभर एकच बोभाटा की नत्थूजींनी लाइन कंपनीला विकली. सोसायटीची सभा होती. देशकर साहेब स्वतः समजावून सांगायला निघाले आणि मलाही बरोबर घेतलं. सभा सातऱ्यावरच भरली होती. मिरचीचे लाल ढीग, नाकातोंडाला पदर बांधून बसलेल्या बायका, आणि एका बाजूला नत्थूजी मान खाली घालून उभे. साहेबांनी सगळं सांगितलं. कोणाला पटलं, कोणाला नाही. तेवढ्यात एक उंच बाई उठली. सारूबाई तिचं नाव, मजुरीतून वर येऊन तिने स्वतःची चक्की टाकली होती. तोंडावरचा पदर सोडून मला म्हणाली, "तुमीच का वं त्या भोकं पाडनाऱ्या बाई?"

"हो, मीच."

"मंग तुमच्या त्या मशीनले सांगजा. या खांबाच्या खड्ड्याची माती म्या डोक्यावर वाह्यली. पोटाशी पोरगी होती तवा वाह्यली. गिऱ्हाईक म्हून नाही वाह्यली. गिऱ्हाईक कायले माती वाहते?" मग नत्थूजींकडे वळली. "अन्‌ भाऊ, तुमी आमाले गिऱ्हाईक करून आले तं या आवारात पाय नका ठेवजा."

परतीच्या एसटीत साहेब सुपारी कातरत बसले. मी पदराने डोळे पुसत होते. डोळ्यांत मिरची गेली होती, असं घरी सांगितलं.

सुनावणीच्या आधी भय्यासाहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. सोसायटीने स्वतःच लिहून दिलंय की मालक कंपनी. आता कंपनीची कार्डं तेवढी चुकीची होती असं सिद्ध झालं की काम फत्ते. मला म्हणाले, "शांता, तुझ्याकडून यंत्राचं बटण चुकीचं दाबलं गेलं, एवढं लिहून दे. नवीन मशीन आहे, होतं असं. तुला कोणी काही म्हणणार नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साहेब, तो क्रमांक झाडून सगळ्या कार्डांवर तोच आहे. प्रत्येक कार्डावर तीच चूक करायला मी काय भांग पिऊन बसले होते?"

भय्यासाहेब लाल झाले. देशकर साहेब म्हणाले, "मेश्रामबाईंची चूक नाही. क्रमांक मी लिहून दिला होता."

"मग तुमची चूक झाली असं लिहा."

"चूक झालेली नाही."

बाहेर आल्यावर त्यांनी मला चहा मागवला. या माणसाला तीन मुली होत्या लग्नाच्या, हे मला माहीत होतं, आणि त्या वेळी तेच आठवत होतं.

सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी विश्रामगृहात सुनावणी झाली. मुंबईचे अधिकारी तसे तरुण होते, चेहऱ्यावर उन्हाचा त्रास दिसत होता. भय्यासाहेब वकील घेऊन आले होते. अधिकारी म्हणाले, दोन्ही बाजूंनी आपलं म्हणणं थोडक्यात मांडावं, कंपनीपासून सुरू करू. वकील उठायच्या आत देशकर साहेब उभे राहिले, कारण दाखल केलेल्या कार्डांवर अधिकारी म्हणून सही त्यांची होती. आणि त्यांनी सोसायटीची बाजू मांडायला सुरुवात केली. खड्डे कोणी खोदले, खांब कोणी वाहिले, जागा कोणाची, करारात काय आहे. कधी इतकं बोललेले मी त्यांना पाहिलं नव्हतं. भय्यासाहेब दोनदा खाकरले. साहेबांनी तिकडे पाहिलंच नाही.

मग नत्थूजी उठले आणि त्यांनी कंपनीची बाजू मांडली. तारा कोणाच्या, ट्रान्सफॉर्मर जळला तेव्हा दुसरा कोणी आणून बसवला, पुरात कंपनीचा लाइनमन गळ्याइतक्या पाण्यातून कसा आला. "आमच्या लोकाईनं त्याले वल्ला नाही राहू देल्ला जी, पन आला तं तोच ना."

अधिकारी चक्रावून गेले. "तुमचे कागद एकमेकांकडे गेलेत का?"

"नाही जी," नत्थूजी म्हणाले, "आमच्यात असंच वाचते."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मला आजवर मालकी मागणारे भेटले. मालकी दुसऱ्याला द्यायला आलेले दोघं एकदम, हे पहिल्यांदाच. पण मी करू काय? यंत्रात एकच रकाना आहे, आणि ते यंत्र मी बनवलेलं नाही."

देशकर साहेब म्हणाले, "एका कार्डावर दोन नावं बसत नसतील, तर आम्ही दरपत्रकच दोनदा दाखल करतो. एक पूर्ण गठ्ठा कंपनीच्या नावाने, एक पूर्ण गठ्ठा सोसायटीच्या नावाने. शेवटचं कलम दोन्हींत एकच: दुसरा गठ्ठा असाच असेल तरच हा खरा."

अधिकाऱ्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "एका अटीवर. दोन्ही गठ्ठे एकाच दिवशी आले पाहिजेत आणि मालकाचा क्रमांक सोडून भोकाला भोक जुळलं पाहिजे. एक जरी इकडचं तिकडे झालं तर दोन्ही रद्द. सवलतही रद्द. पुन्हा सुनावणी नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "मेश्रामबाई, जमेल?"

मी म्हटलं, "जमेल." कसं जमेल ते मला अजिबात ठाऊक नव्हतं. पण सारूबाई मागच्या बाकावर बसून माझ्याकडे पाहत होती. नाही म्हणायची माझी काय बिशाद?

आणि जमवलं. सोसायटीचा गठ्ठा पाडायला सीताबर्डीच्या माडीवरची ती तपासणारी पोरगी घेतली. दर वेळी दोन्ही गठ्ठे झाले की एकाचं कार्ड दुसऱ्याच्या कार्डावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरायचं. मालकाच्या क्रमांकाची जागा सोडून बाकी सगळ्या भोकांतून उजेड आला तर बरोबर, एखादं अंधारं दिसलं तर ते कार्ड पुन्हा. मान दुखायची, डोळे चुरचुरायचे, पण एकदाही गठ्ठा परत आला नाही. सवलत चालू झाली, चालू राहिली. भिवापूरहून दर हंगामात माझ्या घरी मिरचीपूड यायची, सारूबाईच्या चक्कीवरची. इतकी तिखट, की आमच्याकडे ती चिमटीने वापरत.

देशकर साहेबांना मात्र भय्यासाहेबांनी सोडलं नाही. नोकरीवरून काढणं सोपं नव्हतं, म्हणून कंपनीच्या वाडीच्या गोदामावर पाठवलं. जुनी मीटरं, खांबावर तारा बांधायचे फुटके चिनीमातीचे चाक्के, गंजक्या तारा, आणि त्यांवर देखरेख करायला नागपुरातला सगळ्यात हुशार दर अधिकारी. निरोप समारंभ नाही की काही नाही. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "इथे झाडाची सावली चांगली आहे." नत्थूजी मात्र प्रत्येक गठ्ठ्याच्या आधी पिशवी घेऊन वाडीला जायचे आणि दोघं तिथेच दरपत्रक वाचायचे. आमच्या नव्या दर अधिकाऱ्याला ते माहीत होतं. तोही भला माणूस, माहीत नाही असं दाखवायचा.

पुढे सरकारने आमची कंपनी ताब्यात घ्यायचं ठरवलं. आजूबाजूच्या लहान सोसायट्याही त्यात गेल्या. आमच्या ऑफिसात सुतक पडल्यासारखं झालं. कोणाला कुठे टाकतात, कोणाची खुर्ची राहते, हीच चर्चा. भय्यासाहेब दिसेनासे झाले. एके दिवशी दुपारी जिन्यावर शिंका सुरू झाल्या आणि नत्थूजी आले. म्हणाले, "चाला बाई, वाडीले जाऊन येऊ." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. रिटायर व्हायला थोडेच महिने उरले होते. नत्थूजींनी पिशवीतून सरकारी नोटीस काढून त्यांच्या हातात दिली. भिवापूर लाइनीच्या मालकीबद्दल, सोसायटीच्या नावाने. तशीच दुसरी कंपनीच्या नावाने आमच्या ऑफिसात आली होती, ती मी सकाळीच पाहिली होती. साहेबांनी नोटीस वाचली, घडी घातली. म्हणाले, "वाईट झालं, नत्थूजी. इतकं करून शेवटी गेलीच."

"वाईट तं झालंच जी," नत्थूजी म्हणाले. "गावात दोन दिवस चूल नाही पेटली म्हना ना. पन काल सभा झाली, तं ते सारूबाई उठली अन्‌ म्हने, मले वाचून दाखवा. मी वाचली. म्हने, पुन्हा वाचा. मंग म्हने, भाऊ, हे नोटीस वाडीच्या साहेबाले दाखवून या. गिऱ्हाइकाजवळून सरकार काय घेईन? आमच्याजवळून लाइन घेतली, म्हंजे आमची होती."